दोन अंशांची सवलत

एकशे बारा दिवसांना किती पुस्तकं पुरतील याचा अंदाज मी ऑगस्टपासून बांधत होतो. त्याच काळात कुंदा गच्चीचा जिना दिवसातून वीस वेळा चढत-उतरत होती. आमच्या दोघांच्या तयारीतला फरक एवढ्यावरून कळावा. ती बर्फावर घसरायला निघाली होती आणि मी, ती घसरत असताना, कुठेतरी शेगडीजवळ बसून वाचायला.

निमंत्रण तेजस्विनी मोगलचं होतं. तेजस्विनी माझी विद्यार्थिनी, म्हणजे निफाडच्या कॉलेजात मी तिला तीन वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. बाकीचं सगळं ती स्वतः शिकली. आता ती उत्तराखंडात, सुनेरधारला, बर्फ बनवणाऱ्या एका कंपनीची मुख्य शास्त्रज्ञ होती. सुनेरधारच्या उतारांवर एके काळी चार महिने बर्फ असे. अलीकडे तो जेमतेम तीन आठवडे टिकायचा. हॉटेलं बंद पडली होती, रोपवेचे पाळणे गंजत होते. तेजस्विनीने शोधलेल्या हिमबीजामुळे गेली दोन वर्षं तिथे पुन्हा डिसेंबर ते मार्च असा पुरा हंगाम भरू लागला होता. यंदा तिने आम्हा दोघांना अख्ख्या हंगामासाठी बोलावलं. हे सगळं तुमच्या द्राक्षाच्या पानावरून सुरू झालं, सर, असं ती फोनवर म्हणाली. मी विचार करून कळवतो म्हणालो. कुंदाने माझ्या हातातून फोन घेतला आणि आम्ही दहा डिसेंबरला पोचतोय असं सांगून टाकलं.

कुंदा त्याच कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होती. तिचे वडील तिथे शिपाई होते. ते नोकरीत असताना वारले आणि त्यांच्या जागी ती लागली. आमचं लग्न पुढे, बऱ्याच उशिरा झालं. पहिली आठ वर्षं ती मला सर म्हणायची. अजूनही म्हणते, पण आता टोमणा मारायचा असला की. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पावलाचा अंदाज घेऊन आपोआप जोर देणारे मोटरचे पट्टे तिला मिळाले होते. ते बांधून स्की करता येतं असं तेजस्विनीनेच तिला सांगितलं. स्की शिकवणारे आधी पडायला शिकवतात हे कुंदाने कुठेतरी वाचलं. मग बाहेरच्या खोलीत दोन गाद्या टाकून ती रोज सकाळी उजव्या कुशीवर पडायचा सराव करू लागली. शेजारच्या वैशंपायनबाई पहिल्या दिवशी धावत आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्ची घेऊन बघायला बसू लागल्या.

मी एकदा काळजीने विचारलं की या वयात हे कशासाठी. तेव्हा ती गादीवरूनच म्हणाली, "दोन वर्षं तुमच्या प्रयोगासाठी बर्फाच्या लाद्या फोडल्यात मी, सर. हाताला भेगा पडेपर्यंत. आता एकदा न फोडता तो नुसता पसरलेला बघू दे."

 तो प्रयोग काय होता ते सांगायला हवं.

पाणी शून्य अंशाला गोठतं असं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं आहे. शून्याला बर्फ वितळतो. पण पाणी गोठायला शून्य अंश पुरत नाहीत. स्वच्छ पाण्याचा बारीक थेंब उणे दहा, उणे वीस अंशांपर्यंतही पातळच राहू शकतो. गोठायचं म्हणजे रेणूंनी एका ठरावीक रचनेत उभं राहायचं, आणि पहिली रांग लावून देणारं कोणी नसेल तर कवायतीच्या मैदानावर नुसती गर्दीच राहते. धुळीचा कण ही रांग कशीबशी लावतो. काही जिवाणू ती फार सुरेख लावतात. त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याची ठेवण बर्फाच्या रचनेशी जुळते. असा जिवाणू पानावर असला की दव उणे दोनलाच गोठतं, पानाच्या पेशी फुटतात आणि जिवाणूला आयतं जेवण मिळतं.

निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा शून्याकडे झुकला की आमच्याकडचे बागायतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात. तरी एका बागेची पानं करपतात आणि शेजारची वाचते. असं का होतं, हे मी शोधत होतो. करपलेल्या पानावरून मी एक जिवाणू वेगळा केला, त्यावर एक लहानसा निबंध लिहिला आणि विसरून गेलो. तेजस्विनी विसरली नाही. तिने त्या प्रथिनाची ठेवण बदलत बदलत असं रूप तयार केलं, जे शून्याच्या किंचित खाली, उणे पाव अंशालाच रांग लावून देतं. कोरड्या हवेत उडवलेले थेंब बाष्पीभवनाने थंड होतात, माठातलं पाणी होतं तसे. त्यामुळे हवा चार अंशांची असली तरी थेंब शून्याखाली जातात, आणि त्यांच्यात हिमबीज असलं की जमिनीवर पडतात ते बर्फ होऊनच. जिवाणू आधी मारलेले असतात. उरलेलं प्रथिन उन्हात तीन दिवसांत निकामी होतं, असा दाखला कंपनीने सरकारला दिला होता.

सप्टेंबरात कुंदाच्या डॉक्टरांनी एक खोडा घातला. तिचा रक्तदाब पाहता तिने उंचावरच्या हॉटेलात झोपू नये. दिवसा वर जावं, मुक्काम खाली करावा. म्हणून मी सुनेरधारच्या खालच्या गावात, घिंडालीत, खोली शोधू लागलो. तिथल्या बिमला नेगी नावाच्या बाईंशी संपर्क जुळला. साठीच्या, विधवा, सफरचंदाची बाग असलेल्या. मुलगी सरिता आणि जावई त्यांच्याकडेच राहत. जावई रोपवेवर चालक होता. जानेवारीत खोलीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, असले प्रश्न मी त्यांना विचारले. इतकी चौकशी आजवर एकाही पाहुण्याने केली नव्हती, असं त्या हसत म्हणाल्या आणि मला मास्टरजी म्हणू लागल्या.

तिसऱ्यांदा बोललो तेव्हा मी सहज विचारलं की आम्हाला निघताना घरची सफरचंदं मिळतील का.  त्या म्हणाल्या की सफरचंदं दोन वर्षं झालीच नाहीत. बहर येतो, फूल दिसायला जसंच्या तसं असतं, पण कापून पाहिलं की आतून काळं. थंडीने मारलं म्हणावं तर थंडी काही फार नव्हती. बागेतल्या सरकारी तापमापकाचा फोटो त्यांनी पाठवला. एप्रिलमधल्या त्या पहाटेचा नीचांक उणे पाऊण अंश होता.

मी तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहत बसलो. सफरचंदाचं उमललेलं फूल उणे दोनपर्यंत सहज तग धरतं. त्याच्यातलं पाणी तोवर गोठतच नाही, कारण रांग लावून देणारं कोणी नसतं. सगळी झाडं या दोन अंशांच्या सवलतीवर जगतात. उणे पाऊणला फूल मरायचं तर कोणीतरी ती सवलत काढून घेतलेली असायला हवी. फवारणीला पाणी कुठलं वापरता, असं मी विचारलं. बिमलाबाई म्हणाल्या, उतारावरचा बर्फ वितळून येतं ते. बहराआधी दोनदा फवारतो. पूर्वी पुरत नव्हतं, आता भरपूर असतं.

हे कुंदाला मी आठ दिवस सांगितलं नाही. तापमापक बिघडलेला असेल, पाठवणाऱ्याने भलत्याच दिवसाचा फोटो पाठवला असेल, एखादी बुरशी असेल. एरवी शंका मला छळते; त्या आठवड्यात तिने मला सुखाची झोप दिली. शंकेचा असाही उपयोग होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी मी माळ्यावरून जुनी वही काढली. त्या प्रयोगाच्या वेळी कॉलेजात थंड करायचं यंत्र नव्हतं. स्नेहसंमेलनात वापरायचा पॉट आइस्क्रीमचा लाकडी डबा मी मागून आणला होता. त्यात बर्फ आणि मीठ भरायचं, वर अ‍ॅल्युमिनियमचा कागद तरंगत ठेवायचा आणि त्यावर चाळीस थेंब टाकून कोणता कधी पांढरा होतो ते बघत बसायचं. जिवंत जिवाणूंचे थेंब, साध्या पाण्याचे थेंब आणि उन्हात वाळवून मारलेल्या जिवाणूंचे थेंब. या तिसऱ्या प्रकाराच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: चाळीसपैकी सात थेंब उणे दोनलाच गोठले. त्याखाली एक रेघ आणि मग: नळ्या नीट धुतलेल्या नसाव्यात. वाचनं रद्द. निबंधात मी लिहिलं होतं की मेलेल्या, वाळलेल्या जिवाणूंत गोठवण्याची क्षमता शिल्लक राहत नाही. कंपनीचा दाखला ज्या चार-पाच निबंधांवर उभा होता, त्यात पहिला माझा होता. तेजस्विनीने तो कौतुकाने पहिला घातला होता.

सात थेंब वेगळं काहीतरी सांगत होते. माझ्यासारख्याच्या हातून काही नवीन सापडेल हे मला खरं वाटलं नाही, म्हणून मी घाण नळ्यांवर विश्वास ठेवला. नळ्या कुंदा धुवायची.

हे तोंडाने सांगणं मला जमेना. कुंदा नाशिकहून आणलेले लोकरीचे हातमोजे घालून बघत होती. मी तिच्यापुढे वही उघडून ठेवली आणि बिमलाबाईंचा फोटो ठेवला. काय झालंय ते चार वाक्यांत सांगितलं. तिने हातमोजे न काढता ते पान दोनदा वाचलं.

"या नळ्या मी धुतल्या होत्या," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

"आधी आम्लात, मग नळाखाली, मग तीनदा डिस्टिल्ड पाण्याने. तुम्ही शिकवलंत तश्शाच." थोडं थांबून ती म्हणाली, "संध्याकाळी सगळे गेले की तुम्ही त्या परत धुवायचात. मी खिडकीतून बघायचे. मला वाटायचं, एकटा माणूस आहे, घरी जाऊन तरी काय करणार."

ती रडली नाही. गच्चीवर गेली आणि तासभर आली नाही. जिना चढल्याउतरल्याचा आवाज त्या दिवशी आला नाही.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं की हे आत्ताच सांगायला हवं का. हंगाम पार पडू द्यावा, परत आल्यावर एप्रिलमध्ये सांगावं. एक हिवाळा इकडे की तिकडे. मी म्हणालो की एप्रिलमध्ये बहर असतो. ते मलाही कळतं, असं ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली. मला वाटलं, तिने आणखी एकदा म्हटलं तर मी ऐकेन. मला ऐकायचंच होतं. पण ती पुन्हा म्हणाली नाही.

सकाळी तिने कपाटातली हिमबीजाची कुपी काढून माझ्यासमोर ठेवली. मागच्या दिवाळीत तेजस्विनी आली होती, तेव्हा तिने ती आठवण म्हणून दिली होती. कुंदाचं म्हणणं, आधी खरं काय ते तर बघू. पूड उन्हात ठेवायची, ऑक्टोबरचं ऊन काही कमी नाही. तीन दिवस कशाला, बारा ठेवू. नळ्या ती धुणार आणि ती धूत असताना मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

बारा दिवसांनी आम्ही जेवणाच्या टेबलावर तसाच डबा मांडला. बर्फ कुंदाने फोडला. मी थेंब टाकले. शेवटचे वीस तिने टाकले. थेंब गोठतो तेव्हा आवाज होत नाही, काही नाही. आत्ता काचेसारखा असतो, आत्ता दुधासारखा. पारा उणे अर्ध्यावर यायच्या आत सहा थेंब दुधाळ झाले. साध्या पाण्याचा एकही उणे आठपर्यंत हलला नाही. कुंदा म्हणाली, पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, नळ्या पुन्हा धुऊन, नऊ गोठले. तिसऱ्यांदा पाच.

"म्हणजे माझ्या नळ्या स्वच्छ होत्या," कुंदा म्हणाली.

"हो."

"छत्तीस वर्षांनी निकाल लागला म्हणायचा." तिने डब्यातलं मिठाचं पाणी मोरीत ओतलं, हात पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लावा तिला फोन. मी इथेच बसते."

तेजस्विनी त्या वेळी उतारावर होती. मागे यंत्रांच्या चाचणीची घरघर ऐकू येत होती. कुंदाबाईंचा सराव कसा चाललाय, हे तिने आधी विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. बिमलाबाईंची फुलं, माझी वही, सात थेंब, आमचे तीन दिवस. मी कागदावर लिहून घेतलं होतं, तेच वाचलं. नाहीतर मध्येच थांबलो असतो. ती ऐकत असताना घरघर बंद झाली. तिने ती बंद करायला लावली असावी.

 ती म्हणाली की त्यांच्या चाचण्यांतही उन्हात ठेवलेल्या हिमबीजाचे शंभरात बारा-पंधरा थेंब लवकर गोठत होते. हाताखालच्या एका मुलीने दोनदा येऊन विचारलं होतं. "मी तिला तुमचा निबंध दाखवला, सर. म्हटलं, आमच्या सरांनी एक ओळ लिहिली म्हणजे ती दहादा तपासलेली असते. आपल्याच उपकरणात दोष असेल." ते बारा-पंधरा थेंब त्यांनी वजा करून टाकले होते.

 कुंदाने टेबलावरचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

मग तेजस्विनी हंगामाबद्दल बोलू लागली. सगळ्या खोल्या भरल्या होत्या. तीन गावांतले लोक परत आले होते, कोणी हॉटेलात, कोणी रोपवेवर, कोणी स्की शिकवायला. यंत्रं थांबवायची तर तिला आताच सांगावं लागणार होतं आणि कशाच्या जोरावर सांगणार, तर जेवणाच्या टेबलावर टाकलेल्या थेंबांच्या. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"सर, तुम्ही आयुष्यभर म्हणत आलात की कदाचित माझंच चुकत असेल," ती म्हणाली. "वर्गात फळ्यावर उत्तर लिहूनसुद्धा म्हणायचात. आज तेवढं म्हणा ना. मी सरकारला कळवते, पुढच्या वर्षी नीट तपासणी करू. फक्त आज तेवढं म्हणा."

ते वाक्य माझ्या जिभेवर तयारच असतं. त्या दिवशीही होतं. समोर कुंदा बसली होती आणि तिच्या मागे भिंतीशी त्या दोन गाद्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

"नाही, तेजू," मी म्हणालो. "आज तसं म्हणता येणार नाही. चूक मी तेव्हा केली. हे बरोबर आहे."

तिने फोन ठेवला. एरवी ती ठेवते हं सर असं म्हणून ठेवायची.

अकरा दिवसांनी बातमी आली की सुनेरधारची बर्फयंत्रं पुढील तपासणी होईपर्यंत बंद राहतील. तपासणी कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी मागितली होती. माझं नाव कुठे नव्हतं, तिचंही नव्हतं. मी माझ्या निबंधाची दुरुस्ती लिहून सरकारी खात्याला पाठवली, वहीच्या पानाच्या प्रतीसह. नळ्या धुणाऱ्या व्यक्तीकडून कोणतीही कसूर झाली नव्हती, असं एक वाक्य त्यात घातलं. कुंदाने वाचून ते वाक्य काढायला सांगितलं. त्याचा तिथे काय संबंध, असं तिचं म्हणणं. मी काढलं नाही. तेजस्विनीला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

ते एकशे बारा दिवस आम्ही निफाडलाच काढले. सुनेरधारला जानेवारीत सोळा दिवस बर्फ राहिला, तेवढाच. कुंदा जिना चढायची, पण मोजायची नाही. एकदा वैशंपायनबाईंनी विचारलं की कधी निघताय, तेव्हा ती म्हणाली, यंदा बर्फाला सुट्टी आहे. बिमलाबाईंचा जावई डिसेंबरातच डेहराडूनला कामाला गेला. हे बिमलाबाईंनी मला सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही काय केलंत ते घरात माहीत आहे, सरिता तुमच्याशी बोलेल असं समजू नका. पण बहर बघायला या. फवारणीला या वर्षी गावामागच्या झऱ्याचं पाणी वापरलंय, तुम्ही सांगितलंत तसं.

मला जायचा धीर नव्हता. कुंदाने तिकिटं काढली.

घिंडालीत आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोचलो. वरच्या घळीत मळकट बर्फाचा एक पट्टा उरला होता. कुंदा तो अंगणातून बघत राहिली, तिथवर जायचं मात्र म्हणाली नाही. सरिता तिशीची, उंच, शांत. तिने कुंदाच्या हातात चहा दिला आणि माझा पेला कठड्यावर ठेवला. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या पहाटे अंगण पांढरं झालं. बिमलाबाईंनी दार वाजवलं. तापमापक उणे दीड दाखवत होता.

बागेत आम्ही चौघं गेलो. फुलं होती तशीच होती, गुलाबी-पांढरी, कडांवर दवाचे थेंब अजून पातळच. बिमलाबाईंनी एक फूल खुडलं, पण त्यावर सुरीचं पातं चालवायला त्यांचा हात धजेना. सरिताने फूल त्यांच्या हातातून घेतलं आणि उभं चिरलं. आत हिरवा ठिपका होता, वाटाण्याच्या कोंबासारखा.

बिमलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. कुंदा मात्र चष्मा सावरून म्हणाली की एका फुलावर काय ठरवायचं. निदान वीस तरी कापू, वेगवेगळ्या झाडांची. तिच्या मोडक्या हिंदीतलं हे ऐकून बिमलाबाई दचकल्या. "दीदी, एक फूल म्हणजे एक सफरचंद असतं," त्या म्हणाल्या. सरिता पुढच्या झाडाकडे वळली आणि कुंदा तिच्या मागोमाग, गोठलेल्या गवतावर जपून पावलं टाकत. मी पहिल्याच झाडाशी थांबलो.

परत आल्यावर सरिताने ओंजळ माझ्यापुढे धरली. वीस चिरलेली फुलं. सतरांच्या आत हिरवं होतं. तीन काळी होती.

"आणि ही?" ती म्हणाली. मला उद्देशून बोललेला तिचा तो पहिला शब्द.

बिमलाबाई घाईने म्हणाल्या की दोन-चार तर दर वर्षी जातात, त्याचं काय. सरिता माझ्याकडेच बघत होती.

"माहीत नाही," मी म्हणालो. "या थंडीने इतकी जायला नकोत. कदाचित जुनं काही झाडाच्या सालीवर राहिलं असेल. शोधायला हवं."

तिने मान हलवली. अंगणात आल्यावर कुंदाने कठड्यावर रुमाल पसरून त्यावर फुलं मांडली, सतरा एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, आणि फोटो काढून तेजस्विनीला पाठवला. सोबत फक्त तापमान आणि तारीख लिहिली. मी म्हणालो की ती उत्तर देणार नाही. कुंदा म्हणाली, नाही दिलं तर नाही, तिच्याकडे नोंद राहील.

चहा होईतो उत्तर आलं. पाच महिन्यांनी. नमस्कार नव्हता, बाकी काही विचारपूस नव्हती. सतरा फुलांबद्दल अक्षर नव्हतं.

सर, ती तीन नेमकी कुठल्या झाडांची? वरच्या बांधावरची की खालच्या?

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग हिंदीत सांगितलं. कुंदाला आठवेना. सरिताने हातातला पेला खाली ठेवला आणि शालीचं टोक खोचत बांधाकडे निघाली. जाता जाता मागे वळून तिने मला यायची खूण केली. कोणती फांदी ते तिलाच माहीत होतं.